फळीच्या पोटावरची ओळ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. पत्ता तुझ्या लिफ्ट कंपनीच्या ऑफिसातून मिळाला. तिथल्या बाईंना सांगितलं की मी तिचा भाऊ, तर त्या म्हणाल्या, तिला भाऊ आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवला.

आधी कामाचं सांगतो. हॉल अजून चालू आहे. बाबांच्या वेळची अकरा मशीन होती, त्यातली सात चालतात. पूर्वी संध्याकाळी दारापर्यंत रांग असायची. आता चार-पाच जुनी गिऱ्हाईकं येतात, एकेक डाव खेळतात, आणि सगळं तेच आहे म्हणत निघून जातात. नवं मशीन आलं नाही तर हॉल हे वर्ष काढणार नाही. आणि हॉल बंद झाला तर मला दुसरं काही येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

तुझ्या शहरातल्या शोरूममध्ये 'वेधशाळा' नावाचं नवं पिनबॉल आलंय. खेळ एकच, पण तीन प्रकारांत: बेसिक, प्रीमियम आणि लिमिटेड. मी नुसती चित्रं बघून वेडा झालो. बाबा म्हणायचे, मशीन डोळ्यांनी बघू नये, मनगटांनी बघावं. आपल्या घरात तशी मनगटं तुझीच. एकदा जाऊन तिन्ही खेळून बघशील का? कोणतं घ्यावं एवढंच कळव.

बाकी सगळं ठीक.

तुझा,
टिल्ट्या

* * *

११ मार्च

टिल्ट्या,

चि. आणि अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. या खेपेला मी ती पाळत नाही.

चौदा वर्षांनी तुला ताई आठवली ती मशीन बघायला. वर लिहितोस 'बाकी सगळं ठीक'. तुझं असेल. बाबा गेल्याचं मला हॉलमधल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने कळवलं. मी रात्रभर प्रवास करून दारापर्यंत आले, आणि तू दारात असा उभा होतास जणू वसुलीवाला आलाय. बाजूलासुद्धा झाला नाहीस. मी उलट पावली परत गेले. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली.

राग कशाचा आहे ते विसरला असशील तर पुन्हा सांगते. आपल्या जुन्या 'जहाज' मशीनची डावी कॉइल अडकत होती आणि रोज फ्यूज उडत होता. कॉइल दुरुस्त करायचं सोडून कुणीतरी पाच अँपियरच्या जागी पंधराचा फ्यूज घातला. फ्यूज काही उडेना, मग कॉइल वितळली, वायरी पेटल्या, मागचा पडदा पेटला. माणूस कुणी भाजलं नाही हे नशीब. हॉल पाच महिने बंद. तपासणीला अग्निशमनचे साहेब आले तेव्हा बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणाले, मुलीने घातला. मी नाही म्हणाले, तर सगळ्यांसमोर मला गप्प बस म्हणाले. तुला विचारलं, तर तू म्हणालास मी बाहेर होतो. अहवालात माझं नाव गेलं, आणि वायरमनच्या परीक्षेला मला बसू दिलं नाही. नऊ वर्षं मी लिफ्टच्या खड्ड्यात दुसऱ्याच्या परवान्यावर काम केलं, टिल्ट्या. पाना धरणारी बाई म्हणून. फ्यूज कुणी घातला ते मला आजही माहीत नाही. मी घातला नव्हता, एवढंच माहीत आहे.

तरी गेले शोरूमला. का गेले ते विचारू नकोस. मशीनवर माझा राग नाही.

सेल्समन गुळगुळीत आहे. मी पिशवीतून पाणसळ काढली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिन्ही मशीनचा उतार मोजला, बेसिकचे पाय चक्क वेगवेगळ्या उंचीवर होते आणि त्यावर गेला महिनाभर लोक खेळत होते. ते सरळ करून घेतलं आणि प्रत्येकावर पन्नास-पन्नास गोळ्या खेळले. मनगटं अजून दुखतायत.

बेसिक: गोळी परतवायला दोनच फ्लिपर. मध्यभागी वेधशाळेचा घुमट आहे, पण तो नुसता प्लास्टिकचा ठोकळा, हलत नाही, उघडत नाही. गोळी त्याच्या मागे दोनदा अडकली, काच काढून हाताने सोडवावी लागली. हॉलमध्ये असं झालं तर तुला दिवसभर किल्ली घेऊन धावावं लागेल. पहिले दहा डाव मजा येते, मग काही शिल्लक राहत नाही. घेऊ नकोस.

प्रीमियम: इथे घुमट उघडतो. तीन गोळ्या गिळतो आणि एकदम सोडतो. वर उजवीकडे तिसरा फ्लिपर आहे, त्याच्यावरून मागच्या उतारावर मारायचं, आणि तो फटका लागला की खांद्यापर्यंत कळतं. मला सतरा वेळा चुकला, अठराव्यांदा लागला, आणि मी खोटं कशाला बोलू, हसले. घुमटाची मोटर दोनच स्क्रूंवर बसवली आहे. सहा महिन्यांत ढिली होणार. आल्या आल्या गोंद लावून आवळायची.

लिमिटेड: खेळ तोच, फटके तेच, एका अंशाचा फरक नाही. वर आरसा, कडांना चकचकीत रंग, पुढे नंबराची पाटी, आणि पोटात एक थरथरणारी मोटर. सेल्समनने मला पांढरे हातमोजे दिले. हातमोजे घालून पिनबॉल खेळायची ही माझी पहिलीच वेळ. आणखी एक: त्याची खेळायची फळी खालूनही काळ्या रंगाने रंगवली आहे, शोभा म्हणून. जिथे कुणी बघत नाही तिथे कसली शोभा?

फळीचं पोट कसं दिसलं विचारशील, तर मी फळी उचलायला लावली. सेल्समन आडवा आला. मागच्या वर्कशॉपमधला चष्मेवाला मेकॅनिक मात्र समजूतदार, त्याने दांडी लावून तिन्ही उचलून दिल्या. मी फ्यूज कुठे विचारलं. तो म्हणाला, कॉइल जास्त वेळ दाबून राहिली तर बोर्ड आता स्वतःच वीज तोडतं, फ्यूज बदलायची वेळच येत नाही. मी म्हटलं, चौदा वर्षं उशीर केलात.

सवयीने मी पोटावर पेन्सिलीचं लिखाण शोधत होते. बाबांचा नियम आठवतो ना, जो हात लावेल त्याने लिहायचं, आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. 'डावं रबर बदललं. आज ताईला पहिला पगार.' 'बंपरचा दिवा. टिल्ट्याला गोवर.' 'जहाज'च्या पोटावर आपलं अख्खं घर लिहिलेलं आहे. प्रीमियमच्या डाव्या कडेला चार बोटं कोरं लाकूड आहे. तेवढं पुरेल.

थोडक्यात, प्रीमियम घे. आणि मला पुन्हा पत्र घालू नकोस.

ताई

* * *

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पुन्हा घालू नकोस म्हणालीस तरी घालतोय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मशीनचा भाग नाही, वरचा.

तू इतकं बारकाईने बघशील असं वाटलं नव्हतं. पायांच्या उंचीचं तर मला सुचलंही नसतं. मी लहानपणी मशीन हलवून हलवून टिल्ट करायचो, खेळच बंद पडायचा, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं, आणि तू त्याच मशीनवर चहाचा भरलेला कप ठेवून खेळायचीस, थेंब सांडत नव्हता. तो फरक अजून तसाच आहे.

पण ताई, मी लिमिटेड घ्यायचं ठरवतोय. रागावू नकोस. तुझं म्हणणं बरोबर असेल, खेळ तोच. पण लोक आधी डोळ्यांनीच येतात. आरसा, नंबराची पाटी, पाचशेतलं एक मशीन आपल्या हॉलमध्ये, हे दारावर लावता येईल. शिवाय शोरूमची एक योजना आहे, त्यात लिमिटेड प्रीमियमच्याच दरात पडतं. मग वरचं का सोडायचं? खालून काळा रंग आहे तर असू दे. आता पेन्सिलीने कोण लिहितं?

बाबा गेले तेव्हाचं मी नंतर कधीतरी लिहीन. मी तुला वसुलीवाला समजून उभा नव्हतो. तुला आत घ्यायची मला भीती वाटत होती, एवढंच आज लिहितो.

तुझा,
टिल्ट्या

* * *

२३ मार्च

टिल्ट्या,

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय, तसंच वाच.

काल सेल्समनचा फोन आला. तुमच्या भावाने लिमिटेड नक्की केलं, अभिनंदन, म्हणाला. मग म्हणतो, बदलीत जे जुनं मशीन येणार आहे त्याची अवस्था तुम्हाला माहीत असेल, सुटे भाग निघतील का? मी विचारलं कोणतं जुनं मशीन? तर म्हणे, 'जहाज'.

ही तुझी योजना होय. मला लिहिताना नुसतं 'एक योजना आहे' लिहिलंस, आणि 'जहाज' द्यायचं ते गिळून टाकलंस. सात चालू मशीन आहेत, बंद पडलेली आणखी तीन आहेत. त्यातलं एक द्यायचं सुचलं नाही? मी सेल्समनला विचारलं, कोणतंही जुनं चालतं का. तो म्हणाला, कोणतंही, अगदी मोडकंसुद्धा. म्हणजे 'जहाज'च द्यायचं हे तू निवडलंस. मला कारण हवंय.

तुला आठवत नसेल तर सांगते. त्या मशीनवर मी दहाव्या वर्षी स्टुलावर उभी राहून फ्लिपर मारायला शिकले. आई गेली त्या दिवशी बाबांनी दिवसभर त्याचे बंपर साफ केले आणि पोटावर फक्त तारीख लिहिली, दुसरं काही नाही. ती फळी तू सुट्या भागांसाठी देतोस, आणि कशासाठी? आरसा बसवलेल्या पाटीसाठी. लाजेची काही चाड?

आता नीट वाच. बदलीत दुसरं काहीही दे. 'जहाज' मला दे. मी गाडी पाठवते, मी दुरुस्त करते, तुझा एक तास वाया जाणार नाही. आगीनंतर बाबांनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता, तरी मला खात्री आहे ते चालू होईल. चौदा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते आहे.

उलट टपाली उत्तर दे.

ताई

* * *

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. शोरूमची गाडी त्याच्या आदल्या दिवशीच येऊन गेली.

ताई, ते मशीन मेलेलं होतं. बाबा गेल्यापासून मागच्या खोलीत चादरीखाली पडून होतं. त्यात काही उरलं नव्हतं. मेलेल्या वस्तूंना धरून बसू नये. तू तिकडे परवानाधारक मेकॅनिक झालीस, तुझं नाव झालं, तुला ते लाकूड कशाला पाहिजे? जाऊ दे. तुझ्या पाया पडतो, त्याच्या मागे लागू नकोस.

टिल्ट्या

* * *

६ एप्रिल

टिल्ट्या,

लागले मागे.

तू 'त्याच्या मागे लागू नकोस' लिहिलं नसतंस तर मी कदाचित रडून गप्प बसले असते. पाया पडतो वाचलं आणि चमकले. तू आयुष्यात कुणाच्या पाया पडणाऱ्यातला नाहीस. सुट्टी टाकली आणि सरळ शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेले. 'जहाज' मागच्या भिंतीला उभं होतं, पाय काढलेले, काच नाही. चष्मेवाल्याला सोमवारी ते फोडून भाग काढायचे होते. मी म्हटलं, आधी मला पोट बघू द्या. त्याने एक शब्द न विचारता फळी उचलून दांडी लावली आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

सगळं तिथेच आहे. तुझा गोवर, माझा पगार, आईची तारीख. आणि डाव्या फ्लिपरच्या खाली, नव्या वायरींच्या बाजूला, बाबांचं ते तिरकं अक्षर. तुला पाठ असेल. तरी मी इथे उतरवते, कारण तू हे पत्र फाडलंस तरी एकदा तुला वाचावं लागेल.

'वायरिंग नवं. डावी कॉइल नवी. पंधराचा फ्यूज धाकट्याने घातला, मला विचारून. मी म्हणालो, आजचा दिवस चालव. साहेबांना मुलीचं नाव सांगितलं. मशीन दुरुस्त झालं.'

खाली तारीख. आणि त्याच्या शेजारी चिकटपट्टीने लावलेला तो फ्यूज. टिल्ट्या, फ्यूज शाबूत आहे. काचेवर डागसुद्धा नाही. तो वेळेवर जळला असता तर बाकीचं काही जळलं नसतं.

मी तिथेच फरशीवर बसले. चष्मेवाल्याने पाणी आणून ठेवलं आणि बाहेर गेला. मला आधी बाबांचा राग आला, मग तुझा, मग पुन्हा बाबांचा, आणि मग लक्षात आलं की बाबांनी निदान लिहिलं. माझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, पण नियम पाळला, हात लावला ते लिहिलं. तू काय केलंस? तू चौदा वर्षं तोंड शिवून बसलास. बाबा गेल्यावर तू फळी उचलली असणार, उचलल्याशिवाय राहायचा नाहीस. म्हणजे सहा वर्षं तुला हेही माहीत होतं की सगळं लिहून ठेवलेलं आहे. म्हणून मला दारात अडवलंस. मी आत आले असते तर मागच्या खोलीत गेले असते, आणि चादर काढली असती. आणि म्हणून सातातून, दहातून, तुला नेमकं 'जहाज'च सापडलं बदलीत द्यायला.

त्यात मलाच पत्र घालून मशीन बघायला पाठवलंस. माझ्याच मनगटांनी माझी साक्ष पुसायला निघाला होतास. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण चोराने घरच्यांनाच पोतं धरायला बोलावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी नऊ वर्षं दुसऱ्यांचे पाने धरले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलं परवाना घेऊन माझ्यावर साहेब झाली. प्रत्येक वेळी फॉर्म भरताना 'यापूर्वी नाव कापले गेले असल्यास कारण' असा रकाना यायचा, आणि मी त्यात लिहायची, आग. पुढे कधीकधी मलाच वाटायचं, की घातला असेन का मी? गर्दीत, घाईत, घातला असेन आणि विसरले असेन का? टिल्ट्या, तू माझा माझ्या हातांवरचा भरवसा काढून घेतलास. परवाना गेला त्याहून मला याचं जास्त लागलं.

'जहाज' आता माझ्याकडे आहे. सेल्समनला त्याचं काही घेणंदेणं नव्हतं, जागा मोकळी झाली तर बरंच म्हणाला. कंपनीचा टेम्पो बोलावून घेऊन आले.

तुझ्याकडून मला एकच हवंय. अग्निशमनच्या ऑफिसात जा आणि फाईलमध्ये खरं काय ते लेखी दे. आठ दिवस देते. नाही दिलंस तर मी ती फळी खांद्यावर घेऊन जाईन आणि साहेबांच्या टेबलावर ठेवीन.

ताई

* * *

१३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. लिहायचा मला हक्क आहे की नाही माहीत नाही.

जाऊन आलो. सोमवारी गेलो तर कारकून म्हणाला, चौदा वर्षांपूर्वीची फाईल आता कोण शोधणार? मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो. बुधवारी त्याने वैतागून कपाट उघडलं. फाईल चार कागदांची आहे. त्यात तुझं नाव तीनदा आहे आणि माझं एकदा, 'मुलगा घटनास्थळी नव्हता'. मी तिथेच बसून अर्ज लिहिला, फ्यूज मी घातला, वडिलांच्या परवानगीने घातला, बहिणीचा संबंध नाही, त्या वेळी ती मागच्या खोलीत रबर कापत होती. कारकुनाने वाचलं आणि विचारलं, आता कशाला? मी म्हटलं, आता सुद्धा उशीरच झालाय. पोच सोबत जोडली आहे.

आता तुला जे सांगायचं राहिलं ते. मी दोषी आहे, ते कमी करायला हे लिहीत नाही. त्या दिवशी साहेब यायच्या आधी मी बाबांना म्हणालो होतो की मी सांगून टाकतो. बाबांनी मला हॉलच्या कोपऱ्यात नेलं. म्हणाले, "तिच्या हातात कला आहे, तिला कुठेही ठेव, उभी राहील. तुझं नाव गेलं तर तू कुठे जाशील?" मी काही बोललो नाही. वीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

बाबा तुझं नाव घेत नसत. पण रोज हॉल बंद करताना 'जहाज'वर एक गोळी खेळायचे. एकच. मग चादर टाकायचे.

ते गेल्यावर मी फळी उचलली आणि ती ओळ वाचली. त्यानंतर तीनदा खोडरबर घेऊन तिथे बसलो. तिन्ही वेळा हात पुढे गेला नाही. बाबांचं अक्षर होतं, आणि खोडायचं नाही हा नियम होता. मग चादर टाकली. खोडता येत नव्हतं म्हणून शेवटी मशीनच देऊन टाकायचं सुचलं. मी किती भेकड आहे ते यावरून बघ.

तुलाच का बोलावलं, असं तुला वाटलं असेल. मी स्वतःला सांगत होतो की दुसरं कुणी मशीन जाणत नाही म्हणून. कदाचित तू शोधून काढावंस असंही वाटत असेल. माहीत नाही.

लिमिटेडच्या कागदावर अजून सही केलेली नाही. तू सांगशील ते करीन.

टिल्ट्या

* * *

२० एप्रिल

टिल्ट्या,

पोच मिळाली. शिक्का खरा आहे, मी ऑफिसात फोन करून खात्री केली. तुझ्या शब्दावर विसंबून राहायचे दिवस संपले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

पण 'तू शोधून काढावंस असं वाटत असेल', हे पुन्हा लिहू नकोस. गाडीत मशीन चढवून देणारा माणूस ते सापडावं म्हणून चढवत नसतो. सापडलं ते तुझ्या चांगुलपणामुळे नाही, चष्मेवाल्याने सोमवारऐवजी शुक्रवारी फोडलं नाही म्हणून.

बाबांचं वाक्य वाचून मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे मला शिक्षा झाली ती काम येत होतं म्हणून. येत नसतं तर वाचले असते. घरात जो हुशार त्याने सोसायचं, आणि जो ढ त्याला सांभाळायचं, हा कुठला न्याय? ते असते तर मी त्यांना विचारलं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत उठले नसते. ते नाहीत. त्यांच्या वाटचाही राग आता तुझ्यावरच निघणार, त्याला इलाज नाही. आणि ते रोज एक गोळी खेळायचे हे तू मला सांगायला नको होतंस. त्याने माझा राग कमी झाला नाही, नुसता जड झाला.

मशीनचं. प्रीमियम घे. तुझी लिमिटेडची योजना गेली, पण प्रीमियमचा दर तोच आहे, तुझं काही जात नाही. आरशासाठी कुणी दुसऱ्यांदा येत नाही, त्या तिसऱ्या फ्लिपरसाठी येतात, मी स्वतः दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले होते. घुमटाच्या स्क्रूंना गोंद लाव. उतार रोज सकाळी मोज. डाव्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर पहिल्या दिवसापासून लिहायला लाग, मग त्यात तुझी चूक असली तरी लिही.

'जहाज' चालू झालं. चार रविवार लागतील वाटलं होतं, दोनच लागले. डाव्या कॉइलची एक वायर सुटली होती, बाकी बाबांचं काम चोख होतं. पाचचा फ्यूज घातला आहे. कंपनीच्या गोदामात ठेवलंय, पोरं जेवणाच्या सुट्टीत खेळतात. काल मी त्यावर चहाचा कप ठेवून खेळले. थोडा सांडला.

दुरुस्ती केली म्हणून मी बाबांच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली. 'वायर जोडली. फ्यूज मी घातला नव्हता.' मग टॉर्च फिरवून पुन्हा सगळं वाचलं, आईच्या तारखेपासून. माझी अक्षरं आहेत, बाबांची आहेत, तुझीही आहेत, लहानपणची, रबराची आणि दिव्यांची. पण त्या दिवसाची तुझी ओळ कुठेच नाही. फाईलमध्ये लिहिलंस ते साहेबांसाठी. जो हात लावेल त्याने लिहायचं, आणि हात तू लावला होतास.

गोदामाचा पत्ता मागे लिहिला आहे. मी तुला माफ केलेलं नाही, जेवायला थांब म्हणणार नाही, कदाचित बोलणारही नाही. बाबांच्या ओळीच्या वर एका ओळीची जागा आहे. फळी मी उचलून धरीन. पेन्सिल तुझी तू घेऊन ये.

ताई